अवैध शिकार : कायद्याइतकीच गावाचीही जबाबदारी

पुणे-नाशिक महामार्गावरील कुरुळी हे खेड तालुक्यातील गाव आज चाकण औद्योगिक पट्ट्यात मोडते. तथापि कारखान्यांच्या भिंतींपलीकडे शेते, माळ व ओढे अद्याप आहेत आणि याच तालुक्याच्या पश्चिमेस १९८५ मध्ये घोषित झालेले भीमाशंकर अभयारण्य आहे. वन्यजीवांचा प्रश्न केवळ घनदाट अरण्यांपुरता आहे, हा समज म्हणूनच बरोबर नाही.

अंधश्रद्धेचे बळी

माळरानात व शेतात आढळणारा मांडूळ हा बिनविषारी सर्प आहे. त्याची शेपटी बोथट असल्याने लोक त्याला 'दुतोंड्या' म्हणतात. गुप्तधन मिळवून देणारा प्राणी अशी त्याची ख्याती पसरवून त्याच्या विक्रीचे मोठमोठे सौदे सांगितले जातात. वस्तुतः तो उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य राखतो, धन एवढेच.

खवले मांजराची कथा याहून करुण आहे. मुंग्या व वाळवी हे त्याचे अन्न. मादीला एका वेळी बहुधा एकच पिलू होते; त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. संकट दिसताच ते अंगाचे वेटोळे करते. या युक्तीने हिंस्र श्वापदापासून बचाव होतो. माणूस मात्र ते वेटोळे उचलून सरळ पोत्यात टाकतो. ज्या खवल्यांना औषधी समजून परदेशात मागणी आहे, ते आपल्या नखांप्रमाणेच केराटिनचे बनलेले असतात. त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून बंदी आहे.

कायदा काय सांगतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये फास वा सापळा लावणे, विष घालणे, अंडी व घरटी नष्ट करणे हीही शिकारच होय. परवाना घेऊन शिकार करण्याची सवलत १९९१ च्या दुरुस्तीने संपुष्टात आली. अनुसूची एकमधील प्राण्यांच्या शिकारीस तीन ते सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. रानडुकरांसाठी शेताच्या बांधावर लावलेल्या फासात बिबट्यासारखा प्राणीही अडकू शकतो. अशा वेळी पीक वाचवू पाहणारा शेतकरीच आरोपी ठरतो. नुकसानीबाबत वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करणे हाच सुरक्षित मार्ग होय.

दुगवे गावाचा आदर्श

केवळ शिक्षेच्या भीतीने प्राणी वाचत नाहीत, याचा प्रत्यय चिपळूण तालुक्यातील दुगवे येथे येतो. सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या प्रयत्नांतून २०२० मध्ये तेथे 'खवलोत्सव' साजरा झाला. ग्रामस्थांनी खवले मांजराच्या प्रतिकृतीची पूजा करून ती पालखीतून मिरवली. ज्या श्रद्धेच्या नावाने अन्यत्र प्राणी मारले जातात, तीच येथे त्यांच्या रक्षणास उभी राहिली.

काय करता येईल

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे अपेक्षित आहे. ही समिती कागदावर न राहता तिने शिवारातील प्राण्यांची नोंद ठेवावी. शिक्षकांनी मांडुळाविषयीची खरी माहिती विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचवावी. फास वा संशयास्पद खरेदी-विक्री आढळल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. शिकारी बाहेरून आला, तरी वाट दाखविणारा बहुधा गावातलाच असतो. ती वाट बंद करणे गावाच्याच हाती आहे.