वाशीची अन्नपूर्णा आणि व्यवस्थापनाचे विद्यार्थी

नेरूळ, बेलापूर, खारघर येथील व्यवस्थापन महाविद्यालयांत शिकणाऱ्या तरुण मित्रांनो, सामाजिक उद्योजकतेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम खाडीपलीकडे देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत २००७ साली सुरू झाला. परंतु त्या विद्येचे प्रात्यक्षिक गिरणगावातील खानावळवाल्या स्त्रियांनी १९७५ सालीच करून दाखवले होते, आणि त्यांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाचे केंद्र आपल्या वाशीत आहे. गिरणी कामगार जेवणाचे पैसे पगार झाल्यावर देत. तोवर धान्य उधारीचे आणि सावकाराचे व्याज जबर, अशा कोंडीत सापडलेल्या या स्त्रियांना मूळच्या गोव्याच्या प्रेमा पुरव यांनी राष्ट्रीयीकृत बँकेचे दार उघडून दिले. तारण ठेवण्याजोगी मिळकत नव्हती, म्हणून त्या परस्परांना जामीन राहिल्या. बांगलादेशात महंमद युनूस यांनी जोब्रा गावी केलेला बिनतारण छोट्या कर्जांचा प्रयोग याच्या पुढच्याच वर्षीचा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. वसतिगृहातील मित्रमंडळींसह सुटीची एखादी दुपार काढून त्या केंद्रात अवश्य जा, आणि कर्जाचे हप्ते, भाजीचा चढता भाव व थकलेली येणी यांचा मेळ कसा घालावा, हे तेथील अनुभवी स्त्रियांनाच विचारा.