संपादित चित्रफीत आणि मूळ कालांक : निहालीच्या निमित्ताने

बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यात बोलली जाणारी निहाली कोणत्याही ज्ञात भाषाकुलात निश्चितपणे बसविता आलेली नाही. तिचे भाषक सुमारे २,००० ते २,५०० असल्याचे सांगितले जाते. एफ. बी. जे. कायपर यांचा १९६२ चा तौलनिक अभ्यास पूर्वाभ्यासकांच्या लिखित नोंदींवर आधारलेला होता. आज आपल्या हाती चित्रमुद्रण आहे. परंतु संपादनात त्याचा मूळ कालांक हरवला, तर हा लाभ बराचसा व्यर्थ होतो.

कॅमेरा प्रत्येक चौकटीस तास, मिनिट, सेकंद व चौकट असा क्रमांक देतो. हाच मूळ टाइमकोड होय. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तुकडे जोडले की टाइमलाइनचा निराळा कालांक सुरू होतो. समजा, एक वाक्य मूळ मुद्रणात ०१:१४:२२:१० येथे आहे. संपादित फितीत ते ००:०३:०५:०० येथे येईल, आणि उद्या आधीचा एखादा तुकडा गाळला की तेथूनही सरकेल. उदाहरणापुढे हा दुसरा आकडा देणे म्हणजे आवृत्ती न सांगता पृष्ठांक देण्यासारखे आहे.

निहालीच्या बाबतीत प्रश्न अधिकच बिकट होतो. तिच्या शब्दसंग्रहात कोरकू व मराठी शब्द विपुल आहेत, आणि भाषकही बहुभाषिक. एखादा मराठी शब्द वक्त्याने आपणहून योजिला, की आपल्याच मराठी प्रश्नातून तो त्याच्या तोंडी आला, हे कापलेल्या तुकड्यावरून कळत नाही. त्यासाठी मूळ मुद्रणात अर्धा मिनिट मागे जावे लागते. (आणि संपादक मंडळी प्रश्नच तर सर्वांत आधी कापतात!)

एलान हे टिपणाचे सॉफ्टवेअर फाइलच्या आरंभापासून, शून्यापासून, मिलिसेकंदांत मोजते. मुद्रणाचा आरंभ ०१:००:००:०० असेल व वेग सेकंदास २५ चौकटी असेल, तर वरील वाक्य तेथे ००:१४:२२.४०० या स्थानी सापडेल. कारण एक चौकट म्हणजे ४० मिलिसेकंद. स्पर्शव्यंजनाचा स्फोट याहून अल्पावधीत आटोपतो. म्हणून चौकटीचा आकडा स्थान दाखविण्यापुरताच. ध्वनिमापन ध्वनिफितीवरच करावे.

मोबाइलवरील मुद्रणांत बहुधा प्रत्येक फाइल शून्यापासूनच सुरू होते. तेव्हा कालांकासोबत फाइलचे मूळ नाव अपरिहार्य ठरते. फाइलचे रूपांतर करताना टाइमकोड नव्या प्रतीत उतरला की नाही, हेही पाहावे. दाविंची रिझॉल्व्हसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ कालांक चित्रावरच उमटविता येतो. चर्चेच्या प्रतींवर तो अवश्य उमटवावा. जतन करावयाच्या प्रतीवर मात्र कदापि नव्हे.