शहरातील जागा कोणासाठी?

मुलांनो, मोटार उभी करावयास जागा हवी हे खरे. पण ती किती असावी, हे कोणी ठरवावे? अमेरिकेतील बफेलो शहरात पूर्वी नवी इमारत बांधणाऱ्याने वाहनतळासाठी ठरावीक जागा सोडलीच पाहिजे, असा नियम होता. गरज नसली तरी जागा अडून राही आणि बांधकामाचा खर्च वाढे. २०१७ साली शहराने ही सक्ती उठविली. वाहनतळास मनाई झाली नाही. मात्र ज्याने त्याने गरजेपुरती जागा ठेवावी, असे ठरले. शेजाऱ्यांनी एकच वाहनतळ वाटून घेतला, तर दिवसा तेथे कचेरीतील लोकांच्या मोटारी राहतील आणि रात्री नाट्यगृहातील प्रेक्षकांच्या. अशा रीतीने वाचलेल्या भूमीवर माणसांसाठी घरे उभी राहू शकतात.