प्रकाशाच्या पुढे कोणी गेले का?

आईन्स्टाईनने प्रकाशाच्या पुढे जायला मनाई केली आणि शास्त्रज्ञ ती मुकाट्याने पाळत आले, असा समज पहूरसारख्या गावातल्या शाळकरी मुलांपासून पुण्या-मुंबईच्या पदवीधरांपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. वस्तुस्थिती निराळी आहे. सापेक्षता सिद्धांत म्हणतो की वस्तुमान असलेल्या कणाला कितीही ऊर्जा दिली तरी तो प्रकाशाचा वेग गाठणार नाही. पण जो कण मुळातच प्रकाशाहून वेगवान असेल, त्याचे काय? १९६२ साली बिलानियुक, व्ही. के. देशपांडे आणि ई. सी. जी. सुदर्शन यांनी असे कण गणितात बसतात हे दाखवून दिले. पुढे १९६७ मध्ये फाइनबर्ग यांनी त्यांना ‘टॅकिऑन’ हे नाव दिले.

‘कुठलाही कण प्रकाशाला कधीच मागे टाकत नाही’ हेही अर्धसत्यच. ओलांडता येत नाही तो प्रकाशाचा निर्वात पोकळीतला वेग, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. पाण्यात प्रकाश सव्वादोन लाखांवर येतो आणि वेगवान इलेक्ट्रॉन त्याच्या पुढे निघतात. तेव्हा निळसर उजेड पडतो, त्याला चेरेन्कोव्ह प्रारण म्हणतात. तुर्भ्याच्या ‘अप्सरा’ अणुभट्टीच्या पाण्यात १९५६ पासून तो दिसत असे.

टॅकिऑनच्या शोधाला याच उजेडाचा आधार मिळाला. विद्युतभारित टॅकिऑन असेल तर तो निर्वात पोकळीतही असा प्रकाश सोडील, म्हणून १९६८ मध्ये आल्व्हेगर आणि क्राइस्लर यांनी पोकळीतच तो शोधला. काही मिळाले नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे पी. व्ही. रमण मूर्ती यांनी १९७१ मध्ये वैश्विक किरणांकडे पाहिले. वातावरणात उंचावर जन्मलेला टॅकिऑन बाकीच्या कणांच्या वर्षावाआधी जमिनीवर पोचायला हवा, हा त्यामागचा विचार. तिथेही टॅकिऑनचा पुरावा सापडला नाही. मला या नकारांचे मोल फार वाटते, कारण आपल्याच माणसांनी शक्यता मांडली आणि आपल्याच माणसांनी ती तपासलीही.

मग २०११ ची बातमी? ‘न्यूट्रिनोंनी आईन्स्टाईनला हरवले’ असे अजूनही सांगितले जाते. जिनिव्हाजवळच्या सर्नमधून इटलीतल्या ग्रान सासोपर्यंतचे ७३० किलोमीटर न्यूट्रिनो या कणांनी प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी कापले, असे ओपेरा प्रयोगाचे मापन होते. त्या गटाने विजयाची घोषणा केली नव्हती. आमची चूक शोधा, असे जगाला सांगितले होते. चूक निघाली. वेळ पोचवणाऱ्या ऑप्टिकल फायबरची जोडणी नीट बसली नव्हती, शिवाय घड्याळातही थोडा दोष होता. २०१२ मध्ये शेजारच्या इकारस प्रयोगासह ग्रान सासोतल्या चारही प्रयोगांत न्यूट्रिनोंचा वेग प्रकाशाइतकाच भरला.

ओपेराच्या मापनावर संशय घ्यायला एक जुना आधारही होता. १९८७ मध्ये सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षे दूरच्या तारकास्फोटाचे न्यूट्रिनो प्रकाशाच्या काही तास आधी आले. त्यावरूनही ते वेगवान असल्याचे काहींना वाटते. पण कोसळत्या गाभ्यातून न्यूट्रिनो लगेच निसटतात, तर प्रकाश बाहेर पडायला स्फोटाची लाट ताऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत यावी लागते. ओपेराचा आकडा खरा असता, तर त्या स्फोटाचे न्यूट्रिनो काही तास नव्हे, चार वर्षे आधी पोचले असते.