दवाखान्याची इमारत नवी, पण दवाखाना कोणाचा?

चौदा एप्रिलला अमरावतीच्या इर्विन चौकात बाबासाहेबांना अभिवादन करायला आपण सारे जमतो. त्याच चौकाला ज्याच्यामुळे नाव पडले ते इर्विन, म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालय, तिथेच आहे. अकोल्यात अशोक वाटिकेपासून सर्वोपचार रुग्णालयही जवळच. जयंतीला आणि महापरिनिर्वाण दिनाला आपण या रस्त्यांनी निळा झेंडा घेऊन जातो. उरलेल्या दिवसांत त्याच रस्त्यांनी केसपेपर काढायला, डबा पोहोचवायला, बाळंतिणीला आणायला जातो. म्हणून या दोन जागांचे पुढे काय होणार, हा आपल्या घरचा प्रश्न आहे.

या जागा बदलत आहेत. अकोल्यात २००२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि जुने जिल्हा रुग्णालय महाविद्यालयाचे रुग्णालय झाले. अमरावतीने त्यासाठी आणखी बावीस वर्षे वाट पाहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यात अमरावतीचे होते. वऱ्हाडातले बुलढाणा आणि वाशीमही होते. शंभर विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमाप्रमाणे किमान ४२० खाटांचे रुग्णालय लागते. म्हणजे खाटा वाढणार, इमारती होणार, कोट्यवधी रुपये खर्च होणार. याचा आम्हाला आनंदच आहे. पण पैसा खर्च झाला म्हणजे तो वस्तीपर्यंत पोहोचलाच, असे होत नाही. कोनशिला बसण्याआधी आपण काही प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न: उपचार फुकट राहणार का?

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले. केसपेपरचे पैसेही बंद झाले. पण हा निर्णय त्या एका विभागापुरता आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असतात आणि तिथे त्या विभागाचे दरपत्रक चालते. अकोल्यात हे दोन्ही एकाच शहरात आहे. लेडी हार्डिंग म्हणून आपण ओळखतो ते जिल्हा स्त्री रुग्णालय आरोग्य विभागाचे, तर सर्वोपचार वैद्यकीय शिक्षणाचे. जिल्हा रुग्णालय महाविद्यालयाशी जोडले जाते तेव्हा दारावरची पाटी बदलते, आणि पाटीबरोबर नियमही बदलू शकतो. रोजमजुरी बुडवून आलेल्या माणसाला एक्स-रेचे, रक्ततपासणीचे पैसेही जड जातात. म्हणून अमरावतीकरांनी आताच मागणी करावी की इर्विनमध्ये आज जे फुकट आहे ते हस्तांतरणानंतरही फुकट राहील, असे लेखी द्या.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना दोन्हीकडे चालते. २०१२ साली ही योजना पहिल्यांदा राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात अमरावती होती. आता सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. भरती होताना शिधापत्रिका व आधार सोबत ठेवा आणि आधी आरोग्यमित्राला गाठा.

दुसरा प्रश्न: आपल्या आजारांचे डॉक्टर येणार का?

अकोल्यात प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेतून सुपर स्पेशालिटी रुग्णालय मंजूर झाले. खर्च दीडशे कोटींचा, त्यात १२० कोटी केंद्राचे आणि ३० कोटी राज्याचे. इमारत उभी राहिली, पण डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ यांच्या पदांसाठी अकोलेकरांना वाट पाहावी लागली, आंदोलने करावी लागली. यातून धडा घ्यायचा तो हा की विटा-सिमेंटबरोबरच पदांची मंजुरी मागायची.

आणि कोणती पदे? आपल्या समाजात सिकलसेल आहे, हे लपवण्यासारखे नाही. विदर्भात हा आजार आदिवासी बांधवांत आणि पूर्वाश्रमीच्या महार समाजात, म्हणजे आपल्यात, अधिक दिसतो. तो कोणाच्या पापाचा नाही आणि स्पर्शाने होत नाही. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक वेळा मूल पीडित होण्याची शक्यता असते. हायड्रॉक्सियुरिया नियमित घेतल्याने बऱ्याच रुग्णांचा त्रास आटोक्यात राहतो. या पोरांना कळ आली की तासाभरात सलाइन आणि वेदनाशामक मिळायला हवे. त्यासाठी वेगळी डे-केअर खोली आणि प्रशिक्षित परिचारिका लागते. नव्या आराखड्यात ती आहे का, हे विचारा.

तसेच खारपाणपट्ट्याचे. पूर्णेच्या खोऱ्यात दर्यापूर, अकोट, बाळापूर भागात जमिनीखालचे पाणी खारे आहे आणि तिथल्या गावांतून मूत्रपिंडाच्या आजाराची तक्रार वर्षानुवर्षे येते. या माणसांना आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिससाठी शहरात यावे लागते. एसटीचे भाडे आणि दोघांची मजुरी दर खेपेला जाते. डायलिसिसची यंत्रे वाढवताना तालुक्याच्या दवाखान्यातही द्या, ही मागणी त्याच आराखड्यात बसते.

तिसरा प्रश्न: नोकऱ्या कोणाला आणि कशा?

मोठा दवाखाना हा शहरातला मोठा रोजगार असतो. पूर्वी आपल्या वस्तीतला माणूस वॉर्डबॉय म्हणून, आया म्हणून कायम लागला की त्याच्या घरात पुढची पिढी पदवीधर होई. पगार ठरलेला, निवृत्तिवेतन ठरलेले. आता तेच काम ठेकेदार देतो. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने बाह्य यंत्रणेमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला होता. लोक रस्त्यावर आले तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. तरी दवाखान्यांतली सफाई, सुरक्षा, धुलाई बऱ्याच ठिकाणी ठेक्यावरच आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाई कामगाराच्या वारसाला नोकरीचा जो आधार दिला, तो कायम पदाला. पदच ठेक्यावर गेले तर वारसा कशाचा?

आपल्या लेकरांनी झाडूच धरावा, असे आम्ही म्हणत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला त्यातूनच बाहेर काढले. पण आज जो ते काम करतो, त्याला किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि कामगार विमा मिळालाच पाहिजे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली, आरोग्य विम्याचा आराखडा करण्याचे काम अदारकरांकडे सोपवले गेले आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. त्यांच्या लेकरांनीच दवाखान्यात राबून विम्याविना राहावे, हे आपण चालवून घ्यायचे का? ठेकेदाराने मजुरी थकवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ संस्थेवर येते, हेही कामगारांनी ध्यानात ठेवावे.

पुढच्या पिढीसाठी दार मात्र दुसरे आहे. शंभर जागांपैकी १५ देशपातळीच्या वाट्याला जातात. उरलेल्या ८५ पैकी अनुसूचित जातीच्या १३ टक्क्यांप्रमाणे सुमारे ११ जागा होतात. त्यावर परिचर्या, लॅब टेक्निशियन, एक्स-रे, डायलिसिस टेक्निशियन असे अभ्यासक्रम आहेत. अकरावीतच जात वैधता प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. कागदापायी जागा हुकलेली पोरे आम्ही पाहिली आहेत.

चौथा प्रश्न: दवाखान्याच्या भिंतीबाहेरचे काय?

दवाखान्याभोवती एक छोटी बाजारपेठ जगते. चहा, पोहे, फळे, नारळपाणी, रिक्षा. यातल्या कितीतरी गाड्या आपल्या मायबहिणींच्या आहेत. नवी भिंत बांधताना आधी त्यांना उठवले जाते. २०१४ च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे सर्वेक्षण केल्याशिवाय कोणाला हटवता येत नाही. नव्या जागेत त्यांना ओटे, पाणी आणि सावली द्या. रुग्णालाही स्वस्त नाश्ता मिळेल आणि बचतगटाच्या बायांना धंदाही.

आणि नातेवाईक? धारणी-चिखलदऱ्याहून रुग्ण घेऊन आलेला माणूस रात्री कुठे टेकतो? आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा शाळेत गेले नव्हते, पण त्यांना हे कळले होते. मुंबईत जे. जे. रुग्णालयापाशी त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही रुग्णांच्या आप्तांना आसरा देते. आणि अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी नुसता दवाखाना न काढता कामाचे हात घडवणारी वसाहत उभी केली. दवाखान्याच्या जागेवर औषधाबरोबर निवारा आणि रोजगार असू शकतो, हे वऱ्हाडाने आधीच करून दाखवले आहे.

पाचवा प्रश्न: मालकी कोणाची?

जानेवारी २०२० मध्ये नीती आयोगाने जिल्हा रुग्णालये खासगी वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडण्याचा प्रस्ताव मांडला होता. त्यात साठ वर्षांचा करार आणि काही खाटा बाजारभावाने, अशी कल्पना होती. साठ वर्षे म्हणजे तीन पिढ्या. अमरावती आणि अकोल्याची महाविद्यालये शासकीय आहेत, ती तशीच राहावीत. यंत्रे, प्रयोगशाळा, भूखंड तुकड्या-तुकड्याने ठेक्यावर जातात तेव्हा बोभाटा होत नाही. म्हणून लक्ष ठेवावे लागते.

आता करायचे काय? विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास या विषयाला द्या. दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करा; दारिद्र्यरेषेखालील कार्डधारकाला तेही लागत नाहीत. त्यात चार गोष्टी मागा: बांधकामाचा मंजूर आराखडा, मंजूर व रिक्त पदांची यादी, सफाई-सुरक्षेच्या ठेक्याची प्रत आणि लागू दरपत्रक. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. रुग्ण कल्याण समितीवर कोण आहे ते पाहा आणि वस्तीतल्या एका शिकलेल्या बाईला तिथे जागा मागा. उपचार नाकारले, पैसे मागितले तर १०४ वर तक्रार करा. योजनेची अडचण असेल तर १५५३८८ वर बोला.

चवदार तळ्याचे पाणी आपण भीक म्हणून मागितले नव्हते. तळे सार्वजनिक होते, म्हणून ते आपलेही होते. दवाखान्याची जागाही तशीच सार्वजनिक आहे. इमारत होईल तेव्हा फीत कोणीही कापो. आत आपल्या आजाऱ्याला खाट, आपल्या कामगाराला हक्काचा पगार आणि आपल्या लेकीला पांढरा कोट मिळाला, तरच ती इमारत आपली.

जय भीम! नमो बुद्धाय!