मालदांडीचा मुलूख

मृग निघाला की बाकी महाराष्ट्र पेरणीच्या घाईत असतो. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याची काळी रानं तेव्हा बहुतांशी मोकळी असतात. शेतकरी कुळवाच्या पाळ्या घालतो, तण मारतो आणि थांबतो. त्याची खरी पेरणी गणपती उठल्यावर, उत्तरा-हस्ताच्या पावसावर. वाफसा आला की तिफणी चालतात, आणि त्यानंतर आभाळातून एक थेंब पडला नाही तरी ज्वारी पदरात पडावी, असा हिशेब आधीच केलेला असतो. जमिनीत मुरलेली ओल आणि हिवाळ्यातली थंडी, एवढ्याच भांडवलावर संक्रांतीच्या आगेमागे शिवारात हुरडा येतो.

सोलापूर जिल्हा समजून घ्यायचा तर सुरुवात या पिकापासूनच करायला हवी. सुमारे १४,९०० चौरस किलोमीटरचा, अकरा तालुक्यांचा हा जिल्हा राज्यातल्या मोठ्या जिल्ह्यांपैकी एक. २०११च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ४३ लाखांवर होती. सह्याद्रीने अडवलेल्या पावसाचा उरलासुरला वाटा इथे येतो. वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातही मोठा भाग परतीचा, सप्टेंबरातला. पश्चिमेकडून भीमा येते, नीरा तिला माळशिरसच्या कडेला मिळते, पुढे माण आणि सीना मिळतात. जिल्ह्याचे जवळजवळ सगळे पाणी अखेर भीमेच्याच पोटात जाते. नदीकाठी पुरुषभर खोल काळी माती, तर सांगोल्याकडे मुरमाड माळ. एका तालुक्याचे शहाणपण दुसऱ्या तालुक्यात चालत नाही.

खोल काळ्या मातीचा एक स्वभाव आहे. ती पाणी धरून ठेवते, पण सुकू लागली की भेगाळते आणि भेगांतून ओल उडून जाते. म्हणून ज्वारी उभी असताना कोळपी फिरवायची, वरचा थर भुसभुशीत करून भेगा बुजवायच्या. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे शेतकरी म्हणतात ते याचसाठी. या अनुभवाला शास्त्राची जोड मिळाली ती १९३३ साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले तेव्हा. बांधबंदिस्ती, खोल नांगरट, दोन ओळींत जास्त अंतर, हेक्टरी कमी बियाणे अशी शिस्त तिथे बसवली गेली. त्याच दशकात मोहोळच्या केंद्रात मालदांडी या स्थानिक ज्वारीतून निवड करून ‘एम ३५-१’ हा वाण तयार झाला. इतकी वर्षे लोटली, संकरित वाण आले नि गेले, तरी महाराष्ट्र-कर्नाटकातल्या रब्बी रानांतून मालदांडी हललेली नाही. तिची भाकरी गोड, दाणा टपोरा, आणि कडबा जनावरे आवडीने खातात. खिल्लार बैल आणि दुभती म्हैस सांभाळणाऱ्या घराला धान्याइतकाच कडब्याचाही आधार असतो.

पावसाची ही बेभरवशाची देणगी जिल्ह्याच्या इतिहासात जागोजाग दिसते. बहामनी अमलात मंगळवेढ्याला असलेल्या दामाजीपंतांनी भीषण दुष्काळात सरकारी कोठारे लोकांसाठी खुली केली, आणि त्या धान्याचे पैसे भरायला खुद्द विठोबा विठू महाराच्या रूपाने बिदरला गेला, ही कथा महाराष्ट्रभर ठाऊक आहे. त्यातला चमत्कार क्षणभर बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते: भरल्या कोठाराशेजारी उपाशी माणसे, हे दृश्य या मुलखाने पाहिले आहे. भीमेकाठी माचणूरजवळच्या ब्रह्मपुरीला औरंगजेबाने १६९५ पासून चार वर्षे छावणी ठेवली. एवढा अवाढव्य तळ जगवण्याचा भार आसपासच्या गावांवर किती पडला असेल, याची कल्पना करता येते.

इंग्रजी अमलात सोलापूरजवळ एकरूखचा तलाव बांधला गेला. १८७१ साली तो पुरा झाला. लोक त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतात. पाच वर्षांतच, १८७६ साली, दख्खनचा मोठा दुष्काळ आला. खेडी ओस पडू लागली. रेल्वे सोलापूरला १८६० मध्येच पोचली होती, आणि नेमक्या दुष्काळाच्या दिवसांत, १८७७ साली, शहरात कापडगिरणी सुरू झाली. तीच पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेली. शेतातून उखडलेल्या माणसांना गिरणीचा भोंगा ओळखीचा झाला. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग, मग यंत्रमाग उभे केले. सोलापुरी चादर घराघरांत गेली ती या सगळ्यातून. गावात पाऊस हुकला की सोलापूर गाठायचे, ही वाट तेव्हाच मळली.

पश्चिमेकडच्या माळशिरस तालुक्याचे नशीब मात्र वेगळे निघाले. नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी आले आणि १९३०च्या दशकात सासवडकडच्या माळी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन माळीनगरला साखर कारखाना काढला. शेतकऱ्यांनी स्वतःच्या पैशावर आणि हिमतीवर उभारलेला हा कारखाना, सहकारी साखर कारखानदारी जन्माला येण्याआधीचा. पुढे अकलूजला शंकरराव मोहिते-पाटलांनी सहकाराचे जाळे विणले.

जिल्ह्याला खरी कलाटणी दिली ती उजनीने. माढा तालुक्यात भीमानगरजवळ भीमेवर बांधलेले हे धरण १९८० मध्ये पुरे झाले. त्याची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातली जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा म्हणून धरलेली आणि साधारण ५३.५ टीएमसी उपयुक्त. उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत ‘उजनी उणे’ अशा बातम्या येतात त्याचा अर्थ यातच आहे: उपयुक्त पाणी संपून मृतसाठ्यातला उपसा सुरू झालेला असतो. २०२४च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेला, म्हणजे मृतसाठ्यातलेही तीसहून अधिक टीएमसी पाणी उपसले गेले. ऊस, सोलापूर शहराची तहान, उद्योग, आषाढी-कार्तिकीला चंद्रभागेत सोडायचे पाणी, सगळे याच एका भांड्यावर. शहरासाठी नदीतून सोडलेले पाणी शंभराहून अधिक किलोमीटर वाहत जाते आणि वाटेत मुरते, उडते, उपसलेही जाते. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे ऊसपट्ट्याच्या हिरवळीकडे पाहताना विसरून चालणार नाही.

उजनीच्या पाण्यावर ऊस पसरला. आज जिल्ह्यात तिसाहून अधिक साखर कारखाने आहेत आणि गाळपात सोलापूर राज्यात आघाडीवर असतो. ऊस लावणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण हमखास उचल होणारे, ठरलेल्या भावाचे, निसर्गाच्या फटक्यात बऱ्यापैकी तग धरणारे दुसरे पीक त्याच्यापुढे कुणी ठेवले?

सांगोल्याने उत्तर शोधले ते डाळिंबात. हलकी, निचऱ्याची जमीन आणि कोरडी हवा या फळाला मानवली. आधी गणेश, मग भगवा हे वाण, ठिबकच्या नळ्या आणि बहार धरण्याचे कसब यांवर माळावर बंगले उभे राहिले. २००५ साली डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापुरात आले, २०१६ साली सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले. पण तेल्या आणि मर रोगाने कित्येक बागा मुळासकट काढायला लावल्या. एकाच पिकावर सगळा डाव लावण्याची किंमत माळानेही मोजली.

मंगळवेढ्याच्या मालदांडीलाही त्याच सुमारास मानांकन मिळाले, तरी तिचे क्षेत्र घटतेच आहे. अडचण चवीची नाही, काढणीची आहे. ज्वारीचे ताट मुळासकट उपटावे लागते. हाताला फोड येतात, पाठ मोडते, आणि या कामाला मजूर मिळत नाहीत. यंत्राने काढले तर कडबा नीट हाती लागत नाही. शहरात भाकरीला मान वाढला, पण वाढलेल्या भावातला मोठा वाटा काढणीच्या मजुरीत जातो. ताट उपटून पेंडी बांधणारे, छोट्या रानात चालणारे स्वस्त यंत्र हे या जिल्ह्याला आणखी एका साखर कारखान्यापेक्षा अधिक उपयोगाचे ठरेल.

ज्वारीचे कोठार म्हणवणाऱ्या याच मंगळवेढा तालुक्याच्या दक्षिणेकडची गावे हलक्या जमिनीची आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावाचून आहेत. तिथल्या लोकांनी निवडणुकीवर बहिष्कार टाकला, कर्नाटकात जाण्याचा इशाराही दिला. त्यांच्यासाठीच्या उपसा सिंचन योजनेला आता मंजुरी मिळाली आहे. पाणी पोचेल तेव्हा ते थोडेच असेल. उसाला दिले तर मोजक्या शेतांत संपेल. ज्वारी पोटरीत असताना एकदाच द्यायचे ठरवले तर कितीतरी गावांच्या रानांना पुरेल. त्यासाठी पाळ्यांचे वेळापत्रक ज्वारी, हरभरा आणि करडई यांच्या गरजेप्रमाणे आखावे लागेल, आणि ते कालवे खणण्याआधी व्हायला हवे.