शेणावरची घरटी

पावसाळ्यात जुन्या शेणावर, शेणखताच्या ढिगावर किंवा कुंडीतल्या पालापाचोळ्याच्या आच्छादनावर जेमतेम सेंटिमीटरभर उंचीच्या तपकिरी वाट्या दाटीवाटीने उगवलेल्या दिसतात. आत मोहरीएवढ्या काळ्या, चपट्या गोळ्या असतील तर ती बहुधा ‘सायाथस स्टर्कोरियस’ ही घरटे-बुरशी. या गोळ्यांना एकेकाळी बियाच समजत. त्या बीजाणूंच्या पुड्या आहेत हे तुलान या फ्रेंच बंधूंच्या 1844 मधल्या अभ्यासाने पक्के केले.

ओळख पटवायला भिंग हवे. वाटी बाहेरून झिपरी, आतून मात्र गुळगुळीत, शिसवी-काळसर. आतल्या भिंतीवर उभ्या खाचा दिसल्या तर ती सायाथस स्ट्रायाटस; तिला लाकूड अधिक मानवते. काठ कर्ण्यासारखा पसरट आणि गोळ्या मोठ्या, करड्या असल्या तर सायाथस ओला. स्टर्कोरियसच्या गोळीवर पांढुरके पातळ आवरण नसते, म्हणून ती काळीभोर दिसते. माझ्या मते ही सर्वांत भरवशाची खूण, कारण बाहेरची लव वाटी जुनी झाली की झडते. कोवळी वाटी तर पडद्याने झाकलेलीच असते. तेव्हा नाव ठरवायची घाई करू नये. शेणावर पेझिझा नावाची ठिसूळ, फिकट तपकिरी वाटीही उगवते, पण तिच्यात गोळ्या नसतात.

वाटीच्या आकाराचे कोडे कॅनडाचे हॅरोल्ड ब्रोडी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर उलगडले. पावसाचा टपोरा थेंब वाटीत आदळला की उतरत्या भिंतींवरून पाणी वर उसळते आणि गोळ्या बाहेर फेकल्या जातात, कधी मीटरभर लांबसुद्धा. गोळीखालच्या इवल्या पिशवीत एक बारीक दोरी गुंडाळून ठेवलेली असते. झेप घेताना पिशवी फाटते, दोरी उलगडते आणि तिचे चिकट टोक गवताच्या पात्याला लागताच गोळीला हिसका बसून दोरी पात्याभोवती वेढे घेते.

ते गवत गुरांनी खाल्ले की बीजाणू पोटातून शाबूत बाहेर पडतात, थेट ताज्या शेणात. प्रयोगशाळेत या जातीचे बीजाणू रुजवायला त्यांना सुमारे 40 अंश सेल्सिअसची ऊब द्यावी लागते. गुरांच्या शरीराचे तापमान त्याच्या जवळपासच असते.

बागवाल्यांनी घाबरून औषध फवारू नये. ही बुरशी मेलेला पाचोळा कुजवते, जिवंत रोपाच्या वाटेला जात नाही. खाण्याजोगी मात्र ती नव्हे.